कलमी फांदी आणि तिचे मूळ

(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



ज्या वर्षी या शाळेचे पहिले वर्ग भरले, त्याच १९६५ सालच्या २८ ऑक्टोबरला रोममध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने एक छोटेसे घोषणापत्र संमत केले. लॅटिन नाव ‘नोस्त्रा एताते’, म्हणजे ‘आमच्या काळात’. बाजूने २२२१ मते पडली आणि विरुद्ध ८८. त्यात हिंदू, बौद्ध व इस्लाम या धर्मांविषयी आदराचे उल्लेख आहेत. परंतु त्याचा गाभा म्हणजे चौथा परिच्छेद, आणि तो यहुदी लोकांविषयी आहे. शाळेच्या समारंभात हा विषय कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर इतकेच की, या परिच्छेदाच्या मुळाशी क्रमिक पुस्तके लिहिणारा एक इतिहासाचा शिक्षक आहे.

त्यांचे नाव ज्यूल इझाक. जन्म १८७७ चा, फ्रान्समधला, घराणे यहुदी. ‘माले-इझाक’ या जोडनावाने ओळखली जाणारी त्यांची इतिहासाची पुस्तके फ्रान्सच्या कित्येक पिढ्यांनी अभ्यासली. पुढे ते शिक्षण खात्यात महानिरीक्षक झाले. १९४० साली विशी सरकारने यहुद्यांविरुद्ध कायदे केले आणि ज्यांच्या पुस्तकांतून देश आपला इतिहास शिकत होता, त्यांनाच खात्यातून काढून टाकण्यात आले. १९४३ च्या ऑक्टोबरात रियों या गावी त्यांची पत्नी आणि मुलगी पकडल्या गेल्या. इझाक त्या वेळी बाहेर होते म्हणून वाचले. त्या दोघी आउश्वित्झहून परतल्या नाहीत.

त्या काळातही लपतछपत त्यांचे लेखन चालूच होते. शुभवर्तमानाचा मूळ मजकूर एका बाजूला आणि त्यावर शतकानुशतके प्रवचनांतून, धर्मशिक्षणाच्या पुस्तकांतून चढलेली पुटे दुसऱ्या बाजूला, अशी तुलना ते करीत होते. ‘येशू आणि इस्राएल’ हा त्यांचा ग्रंथ १९४८ साली प्रसिद्ध झाला. त्यातील निष्कर्ष साधा पण भेदक होता. हिटलरचा वंशद्वेष ख्रिस्ती नव्हे, हे खरे. मात्र ज्या जमिनीत तो रुजला, ती ‘तिरस्काराच्या शिकवणीने’ आधीच नांगरलेली होती. येशूला क्रुसावर दिल्याची शिक्षा म्हणून यहुदी जगभर विखुरले, असे मुलांना शिकवले जाई. वास्तविक बाबिलोन, अलेक्झांड्रिया आणि रोम येथे यहुदी वस्त्या येशूच्या जन्मापूर्वीच नांदत होत्या. असली चूक इतिहासाच्या शिक्षकाला सलावी, यात नवल नाही.

१३ जून १९६० रोजी ब्याऐंशी वर्षांचे इझाक पोप तेविसावे जॉन यांना भेटले. विनंती करताना त्यांनी एक नेमका मुद्दा मांडला. सोळाव्या शतकातील ट्रेंट परिषदेनंतरच्या धर्मशिक्षणग्रंथातच म्हटले आहे की, ख्रिस्ताच्या मृत्यूचा दोष सर्व पापी मानवांकडे जातो. म्हणजे सुधारणेचे बीज ख्रिस्तसभेच्या स्वतःच्या कपाटात पडून होते. ते बाहेर काढायचे होते. निघताना त्यांनी विचारले, आपण थोडीशी आशा घेऊन जावे काय? आशेहून अधिक घेऊन जाण्याचा आपल्याला हक्क आहे, अशा अर्थाचे उत्तर पोपमहोदयांनी दिल्याचे सांगितले जाते.

या पोपना हा विषय नवा नव्हता. युद्धकाळात इस्तंबूलमध्ये पोपचे प्रतिनिधी असताना त्यांनी यहुदी निर्वासितांना मदत केली होती. १९५९ च्या गुड फ्रायडेला त्यांनी यहुद्यांसाठीच्या प्रार्थनेतून ‘पेर्फिदिस’ हा शब्द काढून टाकला होता. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘विश्वास न ठेवणारे’ असा लावता येई. पण युरोपच्या बोलभाषांत तो ‘विश्वासघातकी’ होऊन बसला होता. एक शब्द, आणि वर्षातून एकदाच उच्चारलेला. परंतु जो शब्द प्रार्थनेत पिढ्यानपिढ्या ऐकला जातो, त्याचे वजन शब्दकोशात मोजता येत नाही. पुढचे काम बायबलचे अभ्यासक असलेले जर्मन येशूसंघीय कार्डिनल ऑगस्टिन बेआ यांच्याकडे सोपवण्यात आले.

ख्रिस्ती श्रद्धेचे मूळ यहुदी आहे म्हणजे काय, हे येथे नीट पाहिले पाहिजे, कारण ते ठाऊक असूनही विसरले जाते. येशूची सुंता आठव्या दिवशी झाली. नासरेथच्या सभास्थानात त्याने यशया संदेष्ट्याचे पुस्तक उघडले. पहिल्या तीन शुभवर्तमानांप्रमाणे त्याचे शेवटचे भोजन हे वल्हांडणाचे भोजन होते. मरिया, पेत्र, पौल सारे यहुदीच. मिस्सामध्ये मराठी भाविक ‘आमेन’ आणि ‘आलेलुया’ म्हणतात, ते शब्द हिब्रू आहेत. स्तोत्रे तर यहुदी लोकांचीच प्रार्थना आहेत. दुसऱ्या शतकात मार्सियन नावाच्या गृहस्थाने जुना करार टाकून द्यावा असा आग्रह धरला, तेव्हा रोमच्या ख्रिस्तसभेने त्याला बाहेर काढले. ग्रंथ राखला गेला, पण ग्रंथ ज्यांचा त्यांना मात्र दूर लोटण्यात आले.

संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात जैतुनाच्या कलमाचा दृष्टान्त दिला आहे. कोकणातील आंबेवाल्याला तो ऐकून क्षणभर अडखळायला होईल. बागाईतदार रायवळ रोपावर हापूसची काडी बांधतो. पौलाच्या दृष्टान्तात मात्र खोड जातिवंत आहे आणि फांदी रानटी. हे निसर्गक्रमाच्या उलट आहे, असे पौल स्वतःच म्हणतो. मूळ फांदीला धरून असते, फांदी मुळाला नव्हे, हा त्याचा बिगरयहुदी ख्रिस्ती लोकांना दिलेला इशारा. परिषदेने १९६५ साली हाच दृष्टान्त पुन्हा हाती घेतला.

हा प्रश्न केवळ युरोपचा होता, असे मानून मराठी माणसाला सुटका नाही. वैद्य गार्सिया द ओर्ता १५३४ साली गोव्यात आले. ते सक्तीने ख्रिस्ती केलेल्या यहुदी घराण्यातले. मुंबई बेट काही काळ त्यांच्याकडे पट्ट्याने होते. हिंदुस्थानातील औषधी वनस्पतींवरील त्यांचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. तोवर, १५६० पासून, तेथे इन्क्विझिशन सुरू झाले होते. ओर्ता १५६८ मध्ये वारले. त्यांची बहीण कातारिना हिला पुढच्याच वर्षी, छुपा यहुदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून जिवंत जाळण्यात आले. १५८० मध्ये खुद्द ओर्तांची हाडे उकरून जाळली गेली. त्याच किनाऱ्यावर, थोडे उत्तरेस, अलिबागजवळच्या नवगावच्या परिसरात बेने इस्राएल मंडळी तेलाचे घाणे चालवीत होती. शनिवारी घाणा बंद, म्हणून ‘शनिवार तेली’. शेजाऱ्यांनी त्यांना त्याच नावाने सामावून घेतले. मुंबईत १७९६ साली त्यांचे सभास्थान उभे राहिले आणि पुढे त्यांच्या वल्हांडणाच्या पोथ्या मराठीतून छापल्या गेल्या. मराठी कॅथलिकांना आपल्या श्रद्धेची थोरली पाती पाहायला यरुशलेमला जावे लागत नव्हते.

घोषणापत्र निर्दोष होते, असेही नाही. मसुद्यातील ‘देवहत्या’ हा आरोप नाव घेऊन नाकारणारा शब्द अंतिम पाठातून गळला. यहुदीद्वेषाचा ‘निषेध’ सौम्य होऊन त्याविषयी ‘खेद’ तेवढा उरला. क्षमायाचना तर त्यात नाहीच. त्यासाठी २००० साल उजाडावे लागले. त्या वर्षी २६ मार्चला वृद्ध पोप दुसरे जॉन पॉल यांनी यरुशलेमच्या पश्चिम भिंतीच्या फटीत क्षमेची चिठ्ठी ठेवली. नूतनीकरण हा शब्द सोपा आहे. परिषदेने ख्रिस्तसभेला सतत शुद्धीकरणाची गरज आहे असे स्वतःच लिहून ठेवले, पण लिहिलेले प्रवचनात उतरायला पिढ्या लागतात. आजही कितीएक प्रवचनांत ‘परूशी’ म्हणजे ढोंगी, असे सरळ समीकरण मांडले जाते. पौल हा स्वतःला परूशी म्हणवीत असे, हे तेथे कोणी सांगत नाही.

बदल झाला तो मुख्यतः उपासनेत. परिषदेनंतर लोकभाषेत मिस्सा सुरू झाली आणि वसईच्या देवळांत प्रार्थना मराठीतून घुमू लागल्या. रविवारच्या वाचनांत पूर्वी जवळजवळ न येणारा जुना करार बहुतेक रविवारी वाचला जाऊ लागला. १९७० च्या नव्या प्रार्थनाग्रंथात गुड फ्रायडेची ती प्रार्थनाही पूर्णपणे नव्याने लिहिली गेली. देवाचा शब्द ज्यांना प्रथम ऐकू आला, ते लोक, असा यहुद्यांचा उल्लेख आता तीत येतो, आणि देवाच्या करारावरील त्यांची निष्ठा वाढत राहावी, अशी याचना केली जाते.

ज्यूल इझाक आणि पोप तेविसावे जॉन यांच्यापैकी कोणीही हे ऐकले नाही. पोपमहोदय ३ जून १९६३ रोजी निवर्तले, आणि इझाक त्याच वर्षीच्या सप्टेंबरात. परिषदेचे मतदान त्यानंतर दोन वर्षांनी झाले.