बालवाडींत जाण्यापूर्वीं

जून महिन्याच्या मध्यास ट्रॉम्ब्याच्या डोंगरावर ढग उतरूं लागतात, खाडीचें पाणी गढूळ होतें, आणि त्याच सुमारास सकाळच्या वेळीं रस्त्यांवर एक नवी वर्दळ दिसूं लागते. पाठीवर नवें कोरें दप्तर, गळ्यांत पाण्याची बाटली आणि अंगांत पायघोळ रेनकोट अशा थाटांत तीन-साडेतीन वर्षांचीं मुलें कोणाचें तरी बोट धरून चाललेलीं असतात. बालवाडीच्या दारापर्यंत सर्व ठीक चालतें. दारांत बोट सुटलें कीं एकच आकांत होतो. एकाचें पाहून दुसरें, दुसऱ्याचें पाहून तिसरें. आणि बाहेर उभ्या असलेल्या आयांचेही डोळे कोरडे राहत नाहींत.

ट्रॉम्बे हें ठिकाण मोठें संमिश्र वस्तीचें आहे. येथें कोळ्यांचा जुना वाडा आहे. १९५६ सालच्या ऑगस्टच्या ४ तारखेस ‘अप्सरा’ ही अणुभट्टी येथें कार्यान्वित झाली आणि या खाडीकांठच्या गांवाचें नांव जगभर गेलें. पुढें शास्त्रज्ञांची व कर्मचाऱ्यांची अणुशक्तिनगर वसाहत उभी राहिली; चीता कॅम्पची दाट वस्तीही जवळच आहे. वडिलांचे व्यवसाय निराळे, बोली निराळ्या, घरांचीं दालनें कमीअधिक. परंतु बालवाडीच्या दारांत रडणाऱ्या मुलाचें रडणें सर्वत्र एकाच जातीचें असतें. मूल तयार नव्हतें म्हणून रडलें, असें मोठीं माणसें म्हणतात. किंचित् बारकाईनें पाहिलें तर बहुधा असें आढळतें कीं, तयार नव्हतें तें घर.

शाळेनें आपल्या बाजूची तयारी बरीच पूर्वीं आरंभिली आहे. जर्मनींतील फ्रोबेल यानें १८४० सालीं आपल्या संस्थेला ‘बालोद्यान’ या अर्थाचें नांव दिलें. मुलें हीं रोपें आणि शिक्षक हा माळी, ही ती कल्पना. १९०७ सालच्या जानेवारींत रोम शहरांतील सान लोरेन्झो या मजूरवस्तींत मारिया माँटेसोरी यांनीं ‘बालगृह’ उघडलें. तेथील आईबाप दिवसभर कामावर जात, आणि मागें राहिलेलीं मुलें चाळीचे जिने व भिंती खराब करीत. तीं एका ठिकाणीं सांभाळलीं जावींत, एवढीच मूळची गरज होती. तींतूनच नव्या शिक्षणपद्धतीचा उगम झाला.

आपल्याकडे हें कार्य गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक या दोघांनीं रुजविलें. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाचा विचार करतां करतां ते बालशिक्षणाकडे वळले, आणि १९२० सालीं भावनगर येथें दक्षिणामूर्ति संस्थेंत बालमंदिर निघालें. लोक त्यांना कौतुकानें ‘मिशाळ आई’ म्हणत. ताराबाई १९२३ मध्यें त्यांना जाऊन मिळाल्या. १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, आणि १९३६ सालीं ताराबाईंनीं मुंबईस दादर येथें शिशुविहार सुरू केला. शहरांतील सुशिक्षित घरांतून बालशिक्षणाची जी आवड उत्पन्न झाली, तिचें मोठें श्रेय या शिशुविहाराकडे जातें.

परंतु त्याहून बोधप्रद हकीकत १९४५ सालानंतरची आहे. तेव्हांच्या ठाणे जिल्ह्यांत बोर्डी येथें ताराबाईंनीं ग्राम बालशिक्षा केंद्र काढलें. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. गरीब व दलित वस्तींतलीं मुलें बालवाडीपर्यंत येईनात. कोणी दुसरा म्हणाला असता, ‘लोकांना शिक्षणाची गोडी नाहीं, त्याला आपण काय करणार?’ या बायांनीं तसें म्हटलें नाहीं. मूल शाळेंत येत नाहीं ना, तर शाळा मुलाच्या अंगणांत जाईल, असें त्यांनीं ठरविलें. तेथेंच ‘अंगणवाडी’ जन्मास आली; आणि १९७५ सालीं, ऑक्टोबरच्या २ तारखेस, भारत सरकारनें बालविकासाची जी देशव्यापी योजना सुरू केली, तिच्या केंद्रांनाही हेंच नांव मिळालें.

या हकीकतींत घराला घेण्यासारखा धडा आहे. शाळेनें आपला उंबरठा ओलांडून मुलाच्या अंगणापर्यंत यावें, एवढें जर शाळेला साधलें, तर घरानेंही आपल्या बाजूनें चार पावलें चालून जावें कीं नाहीं? तीं पावलें कोणतीं, तें पाहूं.

तयारी म्हटली कीं पुष्कळ घरांत पाटीपेन्सिल निघते. मे महिन्याच्या सुटींत बाळाकडून ‘अ आ इ’ घोटवून घेणें सुरू होतें, रंगांचीं व फळांचीं इंग्रजी नांवें पाठ होतात, आणि पाहुण्यांसमोर त्यांची परीक्षा होते. ही तयारी बहुतांशीं वायां जाते. अक्षरें शिकविण्यास बाई आहेतच. जें बाईंना वीस-पंचवीस मुलांत एकेकाला करून देतां येत नाहीं, तें घरून शिकून गेलें पाहिजे. पेल्यानें पाणी पिणें, स्वतःच्या हातानें चार घांस खाणें, चड्डी खालीं-वर करणें, चपलेचा डावा-उजवा पाय ओळखणें, नाक पुसणें, आणि लघवीला लागली तर मोठ्यानें सांगणें: बालवाडीचा अभ्यासक्रम हा आहे.

डब्याचेंच उदाहरण घ्यावें. आई पहांटे उठून मऊ पोळीचे तुकडे करते, त्यावर तूपसाखर घालते, आणि सांडूं नये म्हणून घट्ट झांकणाचा डबा भरून देते. मधल्या सुटींत बाळाच्या बोटांना तें झांकण उघडत नाहीं. सांगायला जीभ रेटत नाहीं, तेव्हां तें डबा मांडीवर घेऊन तसेंच बसून राहतें. घरीं डबा भरलेला परत येतो, आणि आई म्हणते, ‘शाळेंत याचें खाण्याकडे लक्ष नसतें.’ वस्तुतः लक्ष सगळें तिकडेच होतें. दोष झांकणाचा होता! म्हणून डबा, बाटली, दप्तराचा बंद, रेनकोटाचीं बटणें, या प्रत्येक वस्तूची तालीम आठ-दहा दिवस अगोदर घरींच व्हावी. दुपारीं गॅलरींत किंवा ओट्यावर सतरंजी टाकून ‘शाळेचा डबा’ म्हणून खाऊं घातलें, तर मुलाला तो खेळ वाटतो आणि तयारी होऊन जाते.

यापेक्षां अवघड तयारी ताटातुटीची. कित्येक मुलें बालवाडींत जाईपर्यंत आईवांचून किंवा आजीवांचून एक तासही राहिलेलीं नसतात. तीं पहिल्याच दिवशीं तीन तास अनोळखी माणसांत राहावींत, ही अपेक्षा अवाजवी आहे. उन्हाळ्यांत प्रथम अर्धा तास शेजारच्या काकूंकडे, मग तासभर मामाच्या घरीं, अशी चढती संवय करावी. आणि प्रत्येक वेळीं सांगून जावें, सांगितल्याप्रमाणें परत यावें.

येथें घरोघरच्या एका खोटेपणाविषयीं बोलणें प्राप्त आहे. मूल रडूं नये म्हणून त्याला खेळण्यांत गुंतवून आई मागच्या दारानें निघून जाते. किंवा ‘आत्तां येतें हं’ म्हणून जाते आणि दुपारीं येते. त्या क्षणापुरतें रडणें टळतें, हें खरें. परंतु मान वर करून पाहतांच आई नाहीं, असें एकदां घडलें कीं तें मूल पुढें खेळांतही एक डोळा आईवर ठेवूं लागतें. त्याला रात्रीं दचकून जाग येते. रडणें थांबेल, पण आईच्या शब्दावरचा विश्वास गेला तर तो लवकर परत येत नाहीं. दारांत रडूं द्यावें. पण सांगून, जवळ घेऊन, एकदांच निरोप घ्यावा आणि निघावें. दहा वेळां वळून पाहणें व खिडकींतून डोकावणें हेंही बरें नव्हे. त्यामुळें मुलाला वाटतें, येथें कांहीं तरी भय असलेंच पाहिजे.

लहान मुलाला घड्याळ कळत नाहीं. ‘अकरा वाजतां येईन’ यास त्याच्या लेखीं कांहीं अर्थ नाहीं. ‘तूं डबा खाशील, मग गाणीं होतील, मग आजी दाराशीं उभी असेल,’ हें मात्र त्याला चांगलें समजतें. त्याचें घड्याळ अशा घटनांचें असतें. आणि ज्यानें यायचें ठरलें, त्यानेंच यावें. संध्याकाळीं बाळाला पाळणाघरांतून आणण्याचें वचन देणाऱ्या बापानें हेंही ध्यानांत ठेवावें कीं, मानखुर्द स्टेशनावर गाडी केव्हां लागेल हें त्याच्या हातीं नाहीं. जें वचन हार्बर मार्गाच्या गाडीवर अवलंबून आहे, तें मुलाला देऊं नये. ‘आजी नेईल, मी रात्रीं जेवायला घरीं असेन,’ एवढेंच सांगावें.

आतां आजीविषयीं. ज्या घरांत आजीआजोबा आहेत, तें मूल भाग्याचें. तथापि शाळेचा बागुलबोवा बहुधा तेथेंच उभा राहतो. बाळ दूध पीत नाहीं, कीं आजी म्हणते, ‘थांब, शाळेंत गेलास म्हणजे बाई चांगल्या सरळ करतील!’ एका सूनबाईंनीं यावर मोठा नामी उपाय केल्याचें सांगतात. त्या सासूबाईंना म्हणाल्या, ‘आई, पहिले चार दिवस तुम्हींच त्याला सोडायला चला. त्याला तुमच्याइतका धीर दुसऱ्या कोणाचा नाहीं.’ सासूबाई गेल्या, बाईंशीं बोलल्या, आपल्याच गांवच्या ओळखी निघाल्या, आणि पांचव्या दिवसापासून त्याच आजी नातवाला सांगूं लागल्या, ‘दूध पी बरें, बाई वाट पाहत असतील.’ बागुलबोवा गेला, बाई उरल्या. सून चतुर होती, हें तर खरेंच. पण सासूबाईंना दटावण्याऐवजीं तिनें त्यांना कामांत घेतलें, हें तिचें खरें शहाणपण.

ट्रॉम्ब्यासारख्या ठिकाणीं भाषेचाही प्रश्न येतो. अणुशक्तिनगरांत देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून आलेलीं कुटुंबें राहतात. कोळीवाड्यांतल्या मुलाची बोली पुस्तकी मराठीहून वेगळी. चीता कॅम्पांत तमिळ व उर्दू कानीं पडते. घरची भाषा एक आणि बाईंची दुसरी, अशा वर्गांत बसलेलें मूल मुकें होतें, आणि मोठीं माणसें त्याला मंद समजतात. म्हणून पहिल्या दिवशीं बाईंना एका कागदावर पांच-सहा शब्द लिहून द्यावेत: पाणी, भूक, लघवी, झोंप, दुखतें, यांना आमच्या घरीं हें मूल काय म्हणतें. उलट मुलालाही बाईंच्या भाषेंतले तेवढेच शब्द शिकवावेत. घरची भाषा मात्र सोडूं नये. २०२० सालच्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेंही शक्य तेथें किमान पांचवीपर्यंत मातृभाषा किंवा घरची भाषा हेंच शिक्षणाचें माध्यम असावें, असें म्हटलें आहे.

त्याच धोरणांत पहिलीपूर्वींचीं तीन वर्षें हीं शिक्षणाच्या पायाचा भाग मानलीं आहेत, आणि पहिलीच्या प्रवेशाचें वय सहा वर्षें धरलें आहे. तेव्हां शेजारचा मुलगा अडीचाव्या वर्षीं गेला म्हणून आपल्यालाही घाई करण्याचें कारण नाहीं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत विश्वकिरणांवर काम केलेले शास्त्रज्ञ यशपाल यांच्या समितीनें १९९३ सालीं दप्तराच्या ओझ्याविषयीं अहवाल दिला, त्यांत शिशुवर्गाच्या प्रवेशासाठीं चाचण्या व मुलाखती घेणें बंद व्हावें, अशी शिफारस होती. तीन वर्षांच्या मुलाची कसली परीक्षा घ्यायची? घ्यायचीच तर ती आईबापांच्या धीराची घ्यावी.

मूल घरीं आलें म्हणजे दारांतच ‘आज काय शिकलास?’ असा उलटतपास घेऊं नये. त्यानें पुष्कळ पाहिलेलें असतें. तें एकदम सांगतां येत नाहीं. हातपाय धुवावेत, खाऊं घालावें, कुशींत घ्यावें. संध्याकाळीं भांड्यांशीं खेळतां खेळतां तें आपण होऊन सांगूं लागतें. पहिला आठवडा हौसेनें गेलेलें मूल दुसऱ्या आठवड्यांत रडूं लागलें, सुटलेला अंगठा पुन्हां तोंडांत गेला, किंवा अंथरूण ओलें झालें, तर रागावूं नये. नव्या जगाचा ताण असा प्रकट होतो आणि बहुधा कांहीं दिवसांत ओसरतो. पावसाळ्याचे दिवस, सर्दीखोकलाही एकाचा दुसऱ्यास होणारच. ताप असतां ‘खाडा नको’ म्हणून पाठविणें हा स्वतःच्या व इतरांच्या मुलांवर अन्याय होय. रात्रीं लवकर निजविलें तर सकाळची निम्मी रड कमी होते, हें अनुभवाचें आहे.

परंतु सर्वच रडणें सारखें नसतें. आठवडे लोटले तरी मूल खुलत नाहीं, एखाद्या विशिष्ट माणसाचें नांव निघतांच अंग चोरतें, अंगावर न समजणारी खूण दिसते, किंवा एखादी गोष्ट पुनः पुन्हां सांगूं पाहतें, तेव्हां ‘कांहीं तरी काय बोलतोस!’ म्हणून त्याचें तोंड बंद करूं नये. काम बाजूस ठेवून ऐकावें, त्याचें म्हणणें खरें मानून चालावें, आणि शाळेंत जाऊन चौकशी करावी. जें घर या वयांत ऐकून घेतें, त्या घराला मूल पुढेंही सांगत राहतें. आणि सोळाव्या वर्षीं मुलगी कांहीं बोलत नाहीं अशी तक्रार करणाऱ्यांनीं तिच्या साडेतिसऱ्या वर्षाची आठवण करून पाहावी.

जुलै उजाडतो. पाऊस लागून राहिलेला असतो. तेंच दार, तेंच दप्तर, तोच रेनकोट. मूल बोट सोडतें, दोन पावलें जातें, आणि आंतून कोणा सवंगड्यानें हांक मारतांच मागें न पाहतां धांवत सुटतें. आई क्षणभर दाराशीं उभी राहते. आतां वळून पाहणारी तीच एकटी असते. तिनें त्याचें वाईट वाटून घेऊं नये. सांगितल्या वेळीं आपली आई येणार, ही खात्री पक्की झाली, म्हणून तर त्याला मागें पाहण्याची गरज उरलेली नाहीं.