लेकीचं शिक्षण, बँकेचं कर्ज आणि घरातलं सोयाबीन
(विहाराच्या वर्धापन दिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



विहार समितीने आम्हास चार शब्द बोलावयास सांगितले, त्याबद्दल आम्ही आभारी आहोत. आम्ही काही अर्थतज्ज्ञ नाही. कोरडवाहू शेती करणारं आमचं घर. जे अंगावर आलं तेच सांगणार आहोत.

बाबासाहेबांनीसुद्धा शिक्षणासाठी उसनवारी केली. १९२० साली ते पुन्हा लंडनला निघाले, तेव्हा सिडनहॅम कॉलेजच्या पगारातून टाकलेली शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले ५ हजार रुपये, एवढीच त्यांची शिदोरी होती. तेव्हा शिक्षणासाठी कर्ज काढण्यात कमीपणा नाही. पण आधी पगारातून शिल्लक टाकली आणि मग कर्ज घेतलं, हा क्रम आपण विसरतो. आम्हीही विसरलो.

२०१८ मध्ये लेकीला इंजिनिअरिंगला घातलं. घाईघाईत संस्थेच्या कोट्यातून प्रवेश घेतला. त्या जागेला शिष्यवृत्ती लागत नाही, हे पैसे भरल्यावर समजलं! मग बँकेचं ४ लाखांचं कर्ज काढलं, दरवर्षी १ लाख. शिक्षण संपून वर्ष होईपर्यंत हप्ता नाही, असं ऐकलं होतं. आम्ही समजलो, व्याजही नाही. पण हप्ता थांबतो, व्याज थांबत नाही. १० टक्क्यांनी हिशेब करून पाहा. पहिल्या वर्षीच्या लाखावर ५ वर्षांचं व्याज, दुसऱ्यावर ४, तिसऱ्यावर ३, चौथ्यावर २. म्हणजे पहिला हप्ता भरायच्या आधीच १ लाख ४० हजार चढले. पहिल्या वर्षी हेच व्याज महिन्याला साधारण ८३३ रुपये होतं. तेवढे तर आम्ही भरू शकलो असतो, बाप्पा! शिक्षण चालू असताना व्याज भरलं तर काही बँका दरातही सूट देतात.

त्यात २०२१ च्या ऑगस्टमध्ये विदर्भातल्या काही बाजारांत सोयाबीन १० हजारांच्या पुढे गेलं. आमचं पीक तेव्हा वावरात उभं होतं. माल घरात आला तोवर भाव निम्म्यावर. आम्ही म्हटलं, थांबू, पुन्हा दहा येईल. पुढच्या उन्हाळ्यात सातच्या आसपास आला, तरी पोती हलवली नाहीत. शेवटी पाचाला दिलं. घरात पोती थांबली होती, बँकेत व्याज चालू होतं. शिवाय मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ वरून साडेसहा टक्क्यांवर नेला, म्हणून आमच्या कर्जाचाही दर वाढला. लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही भावाची वाट पाहत होता, पण बँक कुणाची वाट पाहत नव्हती." त्या रात्री आम्हाला झोप आली नाही. आता मात्र माल आला की अर्धा लगेच विकतो आणि आधी कर्जात भरतो. उरलेल्यावर काय आशा धरायची ती धरतो.

तथागतांनी सिगालाला कमाईचे चार भाग सांगितले आहेत: एक खर्चाला, दोन कामधंद्यात, चौथा अडीअडचणीसाठी. आपल्याला चौथा भाग काढणं जमत नाही, हे खरं. मग दहावा तरी काढावा. पण ठेवताना पाहून ठेवा. बँक बुडाली तर ५ लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा आहे, सहकारी बँकेलाही आहे. पतसंस्थेला तो नाही. दोन टक्के जास्त मिळतात म्हणून सगळं एकाच पतसंस्थेत ठेवलेली घरं आपल्या वस्तीतच आहेत, नावं घेत नाही. शेअर बाजाराचंही तेच. जानेवारी २०२० मध्ये ४२ हजारांवर असलेला सेन्सेक्स मार्चमध्ये २६ हजारांखाली आला आणि नोव्हेंबरात पुन्हा वर गेला. ज्याला मार्चमध्येच फी भरायची होती त्याला नोव्हेंबरचा काय उपयोग? पुढच्या दोन-तीन वर्षांत लागणारा पैसा तिथे नकोच.

महागाई ६ टक्के धरली तर १२ वर्षांत भाव दुप्पट होतो. म्हणजे आज पहिलीत बसलेलं पोरगं बारावी होईल, तेव्हा आजची लाखाची फी दोन लाख झालेली असेल. जयंतीचा मंडप थोडा लहान झाला तरी चालेल, पण त्या पोराच्या नावाने आजपासून काहीतरी बाजूला पडलं पाहिजे. हे बोलणं काहींना आवडणार नाही, ठाऊक आहे.

आणि कर्जाच्या आधी फुकटचं पाहा. सरकारी प्रवेश फेरीतूनच जागा घ्या. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. वसतिगृहात नंबर लागला नाही तर स्वाधार योजना आहे. उत्पन्नाचा दाखला आणि जात पडताळणी अकरावीतच काढून ठेवा, निकालानंतर धावपळ होते. दर रविवारी वंदनेनंतर आमची लेक विहारात बसते. तिचं कर्ज अजून फिटायचं आहे, पण अर्ज भरायला ती आता पटाईत झाली आहे. कागदं घेऊन या.

जयभीम!