चित्र हलत नाही, तरी हलते
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचे शब्दांकन)



समितीने मला पाऊण तास दिला आहे. पलीकडून मसालेभाताचा वास येऊ लागला असल्यामुळे त्यातला थोडा वेळ मी आपणहून परत करणार आहे.

आजच्या विषयासाठी मला काही साहित्य बाहेरून आणावे लागले नाही. ते आपल्या कमानीवरच टांगलेले आहे. दिव्यांची ती माळ पाहा. दिवे डावीकडून उजवीकडे पळत आहेत, असेच आपल्याला दिसते ना? प्रत्यक्षात एकही दिवा जागचा हललेला नाही. एक विझतो आणि शेजारचा पेटतो, एवढेच घडते. दोन दिव्यांच्या मधल्या तारेवर उजेडाचा ठिपकाही नसतो. तरी उजेड त्या तारेवरून सरकत गेला, असे आपण शपथेवर सांगू.

असे का दिसते, याचा नीट अभ्यास माक्स वेर्टहायमर या मानसशास्त्रज्ञाने केला. १९१० साली तो रेल्वेने प्रवासाला निघाला होता. गाडीत विचार सुचला म्हणून तो फ्रँकफर्टला मध्येच उतरला आणि चित्रे फिरवून हालचाल दाखवणारे लहान मुलांचे खेळणे त्याने विकत घेतले. पुढे प्रयोगशाळेत त्याने दोन रेघा आळीपाळीने दाखवून पाहिल्या. दोन्हींमध्ये सेकंदाच्या पाचव्या भागाइतके अंतर ठेवले, तर आधी एक आणि मग दुसरी अशा दोन रेघा दिसत. अंतर सेकंदाच्या तीस सहस्रांशावर आणले की दोन्ही एकदम दिसत. मधेच कुठेतरी, साठ सहस्रांशाच्या आसपास, गंमत व्हायची. दोन रेघा उरतच नसत. एकच रेघ इकडून तिकडे सरकताना दिसे. म्हणजे जी हालचाल जगात झालीच नाही ती पाहणाऱ्याच्या डोक्यात झाली. हा शोधनिबंध १९१२ साली प्रसिद्ध झाला.

आता १९१२ हे साल लक्षात ठेवा. त्याच वर्षी आपल्या मुंबईत एक मराठी गृहस्थ कुंडीत वाटाणा पेरून त्याच्यासमोर कॅमेरा लावून बसले होते. वेर्टहायमरचे नावही त्यांच्या कानावर गेले असण्याचे कारण नाही. हे गृहस्थ म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके, त्र्यंबकेश्वरचे. दिल्लीत आपण दादासाहेब फाळके हे नाव पुरस्काराच्या बातमीतच ऐकतो. १९६९ सालचा पहिला पुरस्कार देविका राणींना मिळाला वगैरे माहिती स्पर्धा परीक्षेच्या मुलांना पाठ असते. पण त्या वाटाण्याची गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते.

१९११ साली फाळक्यांनी गिरगावात ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि ते झपाटले. रोज कित्येक तास चित्रपट पाहायचे आणि रात्री घरी प्रयोग करायचे. डोळ्यांवर इतका ताण पडला की काही काळ त्यांची दृष्टीच गेली. उपचारांनी ती परत आली. मग विमा पॉलिसी गहाण ठेवून ते लंडनला गेले आणि कॅमेरा घेऊन आले. पण पूर्ण लांबीच्या चित्रपटाला पैसे कोण देणार? कोणाला पटवायचे तर काहीतरी दाखवायला हवे. म्हणून हा वाटाणा. कॅमेरा जागचा न हलवता महिनाभराहून अधिक काळ ते रोज थोडे थोडे चित्रण करत राहिले. पडद्यावर लावल्यावर कोंब मातीतून वर आला, पाने उलगडली, वेल वर चढली आणि हे सारे पाहता पाहता घडले. 'अंकुराची वाढ' या नावाने ही फिल्म ओळखली जाते. ती पाहून भांडवल देणारा तयार झाला, आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' लागला. हे फाळके 'प्रोफेसर केल्फा' या नावाने जादूचे प्रयोगही करत. आपलेच आडनाव उलटे केलेले! डोळ्यांना फसवायचे कसे हे त्यांना चांगले माहीत होते. पुढे त्यांनी 'आगकाड्यांची मौज' काढली, त्यात काडेपेटीतल्या काड्या आपोआप हालचाल करत.

फाळक्यांच्याही आधी कल्याणला महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ पासून 'शांबरिक खरोलिका' दाखवायला सुरुवात केली होती. म्हणजे लुमिएर बंधूंची चलचित्रे मुंबईत आली (७ जुलै १८९६, वॉटसन हॉटेल), त्याच्या चार वर्षे आधी. हा जादूचा कंदील. शंबरासुराची माया ती शांबरिक. रामायण-महाभारतातले प्रसंग काचेवर हाताने रंगवायचे, ते पडद्यावर टाकायचे आणि काचा सफाईने बदलून चित्रातली माणसे हलल्याचा आभास करायचा. मुलगेही या कामात होते. त्या काळी कल्याणमध्ये हे घरच्या घरी चालत होते याचा आपल्याला अभिमान वाटायला हरकत नाही. 'सिनेमा विलायतेतून आला' हे खरे, पण तो पाहायची नजर इथे आधीच तयार होत होती असे माझे मत आहे.

आता शाळेत शिकलेले आठवा. 'दृष्टिसातत्य' नावाचा धडा होता. डोळ्यात प्रतिमा सेकंदाचा सोळावा भाग टिकते, म्हणून सिनेमा हलताना दिसतो. मी हेच घोकून पास झालो, आपणही झाला असाल. पण हे उत्तर अपुरे आहे. ताडून पाहायचे असेल तर पुठ्ठ्याची एक गोल चकती घ्या. एका बाजूला रिकामे ताट काढा, दुसऱ्या बाजूला मोदक. दोन्ही कडांना दोरा बांधून चकती गरगर फिरवा. ताटात मोदक दिसेल. इथे दृष्टिसातत्य आहे, दोन चित्रे एकमेकांवर टिकून राहिली आहेत. पण मोदक हलला का? नाही. नुसते टिकून राहण्याने चित्रे एकमेकांवर चढतील, त्यांचा गिचमिड काला होईल. हालचाल त्यातून निघत नाही. 'हे आधी इथे होते, आता तिथे आहे, म्हणजे ते सरकले' हा हिशेब मेंदू करतो. हिशेब इतक्या वेगाने होतो की आपल्याला तो हिशेब वाटत नाही, दर्शन वाटते.

आणि म्हणूनच एकाच, अगदी स्थिर चित्रानेही मेंदूला चकवता येते. मघाशी मी आपल्यात फिरवलेला छापील कागद त्यासाठीच होता. जपानच्या रित्सुमेइकान विद्यापीठातले अकियोशी कितावोका यांनी २००३ साली केलेले हे चित्र 'फिरते साप' म्हणून जगभर गाजले. कागदावरच्या चकत्या गरगर फिरतात. आपल्यापैकी काहींनी कागद उलटा करून पाहिला, मागे काही यंत्र आहे का म्हणून! काहींना काहीच फिरताना दिसले नाही. त्यांनी डोळे तपासायला धावू नये, सगळ्यांना हे सारखे दिसत नाही.

युक्ती रंगांच्या क्रमात आहे. काळा, निळा, पांढरा, पिवळा आणि पुन्हा काळा. म्हणजे अगदी गडद, मग जरा गडद, मग अगदी उजळ, मग जरा कमी उजळ. जिथे गडद-उजळ फरक ठसठशीत असतो त्याची वर्दी मेंदूत लवकर पोचते, फिक्या फरकाची जरा उशिरा. चित्र एकच, पण त्याच्या शेजारशेजारच्या भागांच्या बातम्या मागेपुढे येतात. कमानीवरच्या माळेतही हेच होते की! आधी हा, मग तो. मेंदू निष्कर्ष काढतो की काहीतरी सरकले. त्यात आपले डोळे कधीच पूर्ण स्थिर नसतात, ते सतत बारीक हिसके घेत असतात आणि दर हिसक्याला हा खेळ नव्याने सुरू होतो. एका चकतीच्या मधोमध नजर घट्ट रोखून धरा, ती थांबते. शेजारच्या मात्र नजरेच्या कडेने फिरत राहतात. या स्पष्टीकरणाच्या तपशिलांवर शास्त्रज्ञांचे वाद आहेत. पण २०२० साली अमेरिकेत येल विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवले की पिकल्या केळ्यावर बसणारी फळमाशीसुद्धा अशा स्थिर नक्षीने फसते आणि नक्षी फिरते आहे असे समजून वळते. तेव्हा फसल्याबद्दल कोणी वाईट वाटून घेऊ नये.

इथपर्यंत सगळे मजेचे झाले. माझे आयुष्य मात्र फरिदाबादच्या एका कारखान्यात, देखभाल विभागात गेले, आणि तिथे मी हाच खेळ उलट्या बाजूने पाहिला. इथे स्थिर चित्र हलते, तिथे फिरते यंत्र थांबलेले दिसते.

आपल्या विजेची वारंवारिता सेकंदाला ५०. जुन्या चोकच्या ट्यूबलाइटचा उजेड त्यामुळे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. आपल्याला तो सलग वाटतो. पण फिरत्या वस्तूचे तो सेकंदाला १०० फोटो काढत असतो म्हणा ना. लेथच्या चकाला चार जॉ असतात. चक मिनिटाला १५०० फेऱ्या घेत असेल, तर दोन फोटोंच्या मधल्या वेळात तो बरोबर पाव फेरी घेतो. एका जॉच्या जागी नेमका दुसरा येतो. म्हणजे प्रत्येक फोटो हुबेहूब सारखा. चक थांबलेला दिसतो! वेग १४४० असेल तर प्रत्येक फोटोत तो किंचित मागे पडतो आणि सेकंदाला एक फेरी या ऐटीत उलटा फिरताना दिसतो. ज्यांच्या घरी जुना रेकॉर्ड प्लेअर आहे त्यांनी तबकडीच्या कडेचे ठिपके पाहिले असतील. हीच विद्या तिथे उपयोगी पडते. १८० ठिपक्यांची कड ट्यूबच्या उजेडात स्थिर दिसली की वेग बरोबर ३३⅓.

कारखान्यात मात्र ही विद्या हात तोडते. एका संध्याकाळी एक शिकाऊ मुलगा चकाजवळचा बुरादा झाडायला हात घालत होता. आजूबाजूच्या यंत्रांच्या आवाजात या यंत्राचा आवाज कळत नव्हता. मिस्त्रीने त्याला कॉलर धरून मागे ओढले. मुलगा रडकुंडीला येऊन एकच वाक्य म्हणत होता, "उस्ताद, रुका हुआ था." तो खोटे बोलत नव्हता. त्याला चक थांबलेलाच दिसला होता. दुसऱ्या दिवशी आम्ही त्या शेडमधल्या ट्यूबच्या रांगा तीन वेगवेगळ्या फेजवर वाटल्या. एक ट्यूब मंद होते तेव्हा दुसरी उजळलेली असते. शिवाय प्रत्येक लेथवर साध्या तारेच्या बल्बचा दिवा लावला, कारण तापलेली तार इतक्या झटपट विझत नाही. आज सगळीकडे एलईडी आले आहेत. चांगल्या ड्रायव्हरचे असतील तर प्रश्न नाही. स्वस्तातले एलईडी मात्र जुन्या ट्यूबपेक्षाही जास्त लुकलुकतात. नोएडा-गुडगावात ज्यांची छोटी वर्कशॉप आहेत त्यांनी मोबाइलचा कॅमेरा दिव्यासमोर धरून पाहावे. पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले की दिवा लुकलुकतो आहे असे समजा.

जाता जाता सजावट समितीला एक विनंती. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये टीव्हीवरच्या एका कार्टूनमध्ये लाल-निळा उजेड सेकंदाला सुमारे १२ वेळा उघडझाप झाला आणि सहाशेवर मुलांना रुग्णालयात न्यावे लागले. ज्यांना फिट्सचा त्रास आहे, किंवा तो आहे हे ज्यांना अजून माहीत नाही, त्यांना असा उजेड बाधू शकतो. कमानीवरची पळती माळ बिनधास्त राहू दे, तिने कोणाचे काही बिघडत नाही. पण आरासीच्या मागे लावलेला तो मोठा झगमगणारा पांढरा दिवा सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा उघडझाप होणार नाही, असे लाइटवाल्याला आरतीच्या आधी सांगावे. मागे बटन आहे, मी पाहून ठेवले आहे.

मोदकाच्या चकत्या मी वीस करून आणल्या आहेत. त्या आधी मुलांना द्या, मोठ्यांनी उरल्या तर घ्याव्यात.