वायरिंग कोणाच्या हाती द्यावी?
(संस्थेच्या वार्षिक पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मेळाव्यात शिक्षक बोलायला उभा राहिला की तो अभ्यास, शिस्त आणि मोबाईल यांपैकीच कशावर तरी बोलणार, हे आपण धरूनच चालता. आज मी ते तिन्ही विषय बाजूला ठेवले आहेत. मला बोलायचे आहे ते आपल्या घरातल्या आणि दुकानातल्या वीजकामाबद्दल, आणि ते काम आपण कोणाच्या हाती सोपवतो याबद्दल. मी बी.ए., बी.एड्.; मुलांना इतिहास-भूगोल शिकवतो. तेव्हा विजेचे जे आकडे सांगणार आहे ते आमच्या विज्ञानाच्या सरांकडून तपासून घेतलेले आहेत, एवढे आधीच सांगून ठेवतो.

आपण मुलीचे लग्न ठरवताना तीन पिढ्यांची चौकशी करतो. जमीन घेताना सातबारा पाहतो, फेरफार पाहतो, वर वकिलाला दाखवतो. परंतु पंचवीस-तीस लाखांचे घर बांधतो तेव्हा वायरिंगचे काम कोणाला देतो? “अमक्याचा मुलगा आहे ना, तो करतो. आपलाच आहे, पैसे पण कमी घेईल.” झाली चौकशी. त्या मुलाकडे सरकारी परवाना आहे काय, हा प्रश्न कोणी विचारत नाही. विचारणे बरे दिसत नाही. मामूच्या मुलाला कागद मागायचा म्हणजे त्याचा अपमान, असे आपल्याला वाटते. हा लिहाज बाजूला ठेवा, एवढेच मला आज सांगायचे आहे.

कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत ४५ वा नियम होता. नवीन वायरिंग, वाढीव काम, फेरबदल, दुरुस्ती ही कामे परवानाधारक कंत्राटदारानेच करावीत, त्यावर प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाची देखरेख असावी आणि प्रत्यक्ष हात लावणाऱ्याकडे वायरमनचा परवाना असावा, असे त्यात होते. पुढे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०१० साली आणि पुन्हा २०२३ साली सुरक्षिततेचे नवे विनियम काढले, पण ही मूळ गोष्ट कायम राहिली. आपल्या राज्यात हे कागद शासनाचे अनुज्ञापक मंडळ देते. सरकारी मराठीत वायरमनला ‘तारतंत्री’ म्हणतात, तेव्हा परवान्यावर तो शब्द दिसला तर गोंधळू नये. गंमत अशी की कायदा वाटतो तेवढा कडक नाही. बल्ब बदलणे, पंखा बदलणे, उडालेला फ्यूज घालणे, बिघडलेल्या बटणाच्या जागी तसेच बटण बसवणे, एवढे आपले आपण करायला त्या जुन्या नियमातही मोकळीक होती. भिंतीतली तार, बोर्ड, मेन स्वीच आणि अर्थिंग यांच्याशी मात्र खेळायचे नाही.

काही जण म्हणतात, “आमचा लाइनमन ओळखीचा आहे, त्यालाच सांगतो.” लाइनमन महावितरणचा माणूस. त्याचे काम खांबापासून मीटरपर्यंत. मीटरच्या पुढे जे काही आहे त्याची जबाबदारी घरमालकाची, म्हणजे तुमची आणि माझी.

आता परवाना नसलेला मुलगा नेमके काय चुकवतो? दिवे तर त्याचेही लागतात, पंखेही फिरतात. खरी अडचण इथेच आहे. चुकीची वायरिंगसुद्धा दिवा लावते! चूक दिसते ती कोणाला तरी झटका बसल्यावर किंवा बोर्डातून धूर निघाल्यावर.

पहिली गोष्ट एम.सी.बी.ची. पूर्वी फ्यूज उडाला की लोक जाड तांब्याची तार घालत, म्हणजे पुन्हा उडायला नको. आज तीच गोष्ट नव्या पोशाखात होते. सोळा अँपिअरचा एम.सी.बी. वारंवार पडतो म्हणून बत्तीसचा बसवतात. एम.सी.बी. पडत नाही, आपण खूश. पण भिंतीतली तार तीच राहिली. दोन हजार वॅटचा गीझर साधारण नऊ अँपिअर घेतो, दीड टनाचा ए.सी. सात-आठ, हजार वॅटची इस्त्री चाराच्या वर. तिन्ही एकाच जुन्या तारेवर चालली तर बेरीज वीसच्या पुढे जाते. दिव्यांसाठी दीड चौरस मिलिमीटरची तार पुरते, पॉवर पॉइंटला अडीचची आणि गीझर किंवा ए.सी.ला स्वतंत्र चारची तार ओढतात. जुनी घरे बांधली तेव्हा घरात चार दिवे, दोन पंखे आणि एक रेडिओ होता. आज मे महिन्यात मुंबईहून, आखाताहून माणसे येतात, लग्न निघते आणि त्याच लाकडी पट्टीवरच्या वायरिंगला दोन ए.सी. जोडतात. मंजूर भार वाढवून घ्यायचा अर्जसुद्धा कोणी करत नाही.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे, आणि भगिनींनी ती विशेष लक्षात घ्यावी, कारण ओल्या हाताने यंत्रांशी काम त्यांनाच पडते. एम.सी.बी. तारेला वाचवतो, माणसाला नाही. सोळा अँपिअरचा एम.सी.बी. सोळा अँपिअरच्या वर गेल्याशिवाय हलत नाही. माणसाच्या जिवाला तर अँपिअरचा काही हजारावा भाग धोक्याचा ठरतो. माणसासाठी वेगळे उपकरण आहे, त्याला आर.सी.सी.बी. म्हणतात. घरासाठी ते तीस मिलिअँपिअरचे घ्यावे. पंधरा वॅटचा जुना झिरोचा बल्ब याच्या दुप्पट प्रवाह घेत असे, यावरून ते किती बारीक गळती पकडते याची कल्पना येईल. पावसाळ्यात भिंती ओल्या झाल्या की ते पडू लागते आणि मग आपला ‘आपलाच मुलगा’ काय करतो? ते काढून टाकतो किंवा बाजूने तार फिरवतो. “आता नाही पडणार, चाची.” खरेच पडत नाही! जाणकार माणूस गळती कुठे आहे ते शोधतो, पहारेकऱ्याला घरातून हाकलत नाही. त्या उपकरणावर चाचणीचे एक छोटे बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबून पाहावे.

तिसरी गोष्ट अर्थिंगची. आपला प्रदेश जांभ्याचा. दोन हात खणले की कातळ लागतो. चाळीस मिलिमीटर व्यासाचा आणि अडीच मीटर लांबीचा जस्तलेपी पाइप उभा गाडायचा, हे पाइप अर्थिंगचे भारतीय मानक आहे. जांभ्यात तेवढा खड्डा मारायला मजूर लागतो, वेळ लागतो, पैसा लागतो. म्हणून दोन फुटांची सळई ठोकून वर सिमेंट फिरवतात. पूर्वी काही जण नळाच्या लोखंडी पाइपला तार गुंडाळत. तेही बरोबर नव्हते, पण लोखंड निदान जमिनीत जात होते. आता नळ प्लॅस्टिकचे झाले, तरी कुठे कुठे गुंडाळायची सवय तशीच आहे. त्यातून जांभ्याची जमीन मार्च-एप्रिलमध्ये कोरडी ठणठणीत होते, म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालावे लागते. घर बांधताना त्या खड्ड्याची जागा आपण स्वतः पाहून ठेवावी.

गेल्या पावसाळ्यात आमच्या वर्गातली एक मुलगी तीन दिवस आली नाही. चौकशी केली तेव्हा कळले, तिच्या आईला कपडे धुण्याच्या यंत्राचा झटका बसून ती पडली होती. अल्लाहच्या मेहेरबानीने हाताच्या फ्रॅक्चरवर निभावले. बोर्ड उघडला तेव्हा सॉकेटला भोके तीन होती, पण तिसऱ्या भोकामागे तारच नव्हती. वरचे मोठे भोक अर्थिंगचे असते. ते रिकामे ठेवले तरी यंत्र चालते. ते घर ज्याने केले तो मुलगा वाईट नाही. कोणी शिकवले नाही, कोणी तपासले नाही.

याला जोडूनच आखाताहून येणाऱ्या सामानाविषयी. आपल्या कितीतरी घरांत भाईजान येताना मिक्सर, इस्त्री, केटल घेऊन येतात. दुबई, कुवेत, कतार इकडे तीन चपट्या पिनांचा प्लग असतो आणि त्याच्या पोटात छोटा फ्यूज असतो. आपल्या सॉकेटला गोल पिना लागतात. मग तो प्लग कापून दोन पिनांचा लावतात. मी तर उघड्या तारा सॉकेटमध्ये आगपेटीच्या काड्यांनी खोचलेल्याही पाहिल्या आहेत. प्लग कापला की फ्यूज गेला, दोन पिनांचा लावला की अर्थिंगही गेले. पाच मिनिटांचे काम, पण आपल्याकडचा योग्य तीन पिनांचा प्लग जाणकाराकडूनच लावून घ्यावा. सौदीहून आणलेल्या मोटारीच्या वस्तूबद्दल आणखी एक. तिकडे विजेची वारंवारता साठ आहे, आपल्याकडे पन्नास. म्हणून तिच्यावरची पाटी आधी वाचावी.

३ जून २०२० चे निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आले आणि २२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या बाजारपेठेत पुराचे पाणी शिरले. हे मी सांगायला नको, इथे बसलेल्यांपैकी कित्येकांनी भोगले आहे. पाणी बोर्डात शिरून ओसरते, वरून सगळे सुकल्यासारखे दिसते, पण नळीच्या आत चिखल आणि ओल राहते. अशा वेळी घाईने मेन स्वीच दाबू नये. परवानाधारक माणसाकडे मेगर नावाचे यंत्र असते. ते पाचशे व्होल्टचा दाब देऊन तारांचे आवरण शाबूत आहे की नाही ते सांगते. हे यंत्र ज्याच्याकडे नाही, त्याने नुसता टेस्टर लावून “चालेल” म्हटले तर ऐकू नये. दुकानदारांनी तर मुळीच नाही. बाजारातली दुकाने भिंतीला भिंत लावून असतात, आणि एकाच्या डीप फ्रीझरची ठिणगी पाच जणांचा माल घेऊन जाते. विम्याच्या वेळी वायरिंग कोणी केली, बिल कुठे आहे, असे विचारले गेले तर दाखवायला काहीतरी हवे.

मग व्यवहार कसा करावा? आपल्याकडे पॉइंटच्या दरावर काम देतात. दर जरूर ठरवा, पण त्यात वेगळी सर्किटे किती, कोणत्या जाडीची तार, अर्थिंग आणि आर.सी.सी.बी. धरली आहे काय, हे कागदावर लिहून घ्या. नुसता पॉइंटचा भाव सांगणारा एका तारेवर दहा पॉइंट लोंबकळवतो, आणि तोच स्वस्त दिसतो. तार शक्यतो स्वतः दुकानातून घ्या; नव्वद मीटरच्या गुंडाळीवर आय.एस.आय.ची खूण आणि जाडी छापलेली असते. परवान्यावरचा फोटो, क्रमांक आणि मुदत पाहा. मुदत संपलेला परवाना पुष्कळांच्या खिशात असतो. मजुरीचा शेवटचा हप्ता टेस्ट रिपोर्टवर सही झाल्यावरच द्या. आणि दुसऱ्याची सही विकत आणून दिलेला रिपोर्ट घेऊ नका. हा धंदा चालतो, आपल्या सर्वांना ठाऊक आहे. ज्याने सही केली त्याने घर पाहिले होते काय, एवढेच विचारा. परवानाधारक दीड-दोन पट मजुरी घेतो अशी तक्रार मी ऐकतो. घेत असेल. घराच्या फरशीवर आपण त्याहून जास्त उधळतो, कारण फरशी पाहुण्यांना दिसते.

मशिदीच्या आणि जमातखान्याच्या कामालाही हेच लागू आहे. तिथे शेकडो माणसे वुजू करून ओल्या पायांनी वावरतात. सवाबच्या भावनेने पोरे रात्रभर राबून रोषणाई करतात, त्यांची नियत चांगली असते. पण विजेला नियत कळत नाही. लग्नात खांबावर आकडा टाकून मंडप उजळणे हा तर २००३ च्या विद्युत कायद्याप्रमाणे सरळ चोरीचा गुन्हा आहे, आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आता ज्या मुलांबद्दल मी इतके बोललो, त्यांच्या बाजूनेही बोलले पाहिजे. ही मुले आपलीच आहेत, पुष्कळशी याच शाळेतून गेलेली. कोणी नववीत सोडली, कोणी दहावीला बसून उस्तादाच्या हाताखाली गेला. हातात कसब आहे, कागद नाही. म्हणून तो आयुष्यभर दुसऱ्याच्या सहीवर काम करतो. मोठे काम, सरकारी काम, सोसायटीचे काम त्याला मिळत नाही. आखातात गेला तर हेल्पर म्हणून जातो आणि प्रमाणपत्रवाला त्याच्या डोक्यावर बसतो. दुबईत वीज-पाणी खात्याकडे नोंद असलेल्या कंत्राटदाराशिवाय इमारतीच्या वायरिंगला हात लावता येत नाही. आपली माणसे तो नियम तिथे निमूट पाळतात आणि सुटीत गावी आली की मामूच्या मुलाला बोलावतात. आपण परवाना मागतच नाही, तर त्या मुलाने तो काढावा कशाला?

आय.टी.आय.मध्ये वीजतंत्री आणि तारतंत्री हे दोन्ही अभ्यासक्रम दोन वर्षांचे आहेत. वीजतंत्रीसाठी गणित-विज्ञानासह दहावी उत्तीर्ण व्हावे लागते, आणि म्हणून दहावीच्या उंबरठ्यावर मुलाला कामाला लावू नका, ही माझी विनंती आहे. त्या दोन वर्षांत त्याची मजुरी बुडेल, हे मला मान्य आहे. गरीब घरात तो लहान तोटा नव्हे. पण उस्तादाकडे दहा वर्षे घालवूनही जी सही मिळत नाही, तिचा रस्ता इथून सुरू होतो. मुलींनाही या अभ्यासक्रमांत प्रवेश आहे. घरात पुरुष माणूस नसताना वीजकामासाठी परक्याला आत घेणे आपल्या भगिनींना अवघड जाते, तेव्हा परवानाधारक मुलगी गावात असेल तर तिला कामाची वाण पडणार नाही.

प्रवेश दहावीच्या निकालानंतर ऑनलाइन होतात आणि अर्जाची मुदत थोडी असते. शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला असल्यास तो, आणि आधार कार्ड आधीच जमवून ठेवावे. ज्या पालकांना अर्ज भरता येत नाही त्यांनी निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून सकाळी दहा ते बारा शाळेच्या कार्यालयात यावे. मी आणि विज्ञानाचे सर तिथे बसलेले असू.