विंचू-फुरशाचा दंश : मंत्र कीं दवाखाना?

(जयगड येथें शेतकरी, दर्यावर्दी व कारागीर मंडळींपुढें केलेलें भाषण)



आपलें जयगड शास्त्री नदीच्या मुखावर वसलेलें. एका अंगास खाडी, दुसऱ्या अंगास दर्या, आणि मध्यें जांभ्याचा कातळ. या कातळावर आपण घरें बांधलीं, त्याच्याच दगडांचे गडगे रचले, त्याच्या सांदींत माती भरून आंबा-काजू लावला. पण त्याच सांदींत आपल्याहून जुने दोन रहिवासी आहेत : लाल विंचू आणि फुरसें. कुणब्याची कवळ, भंडाऱ्याची बाग, खारव्याचें जाळें, सुताराचा लांकडांचा ढीग, खाणमजुराचा चिरा, यांपैकीं कांहींही उचलतांना हात त्यांच्यावर पडूं शकतो. खुर्चीवर बसून काम करणाऱ्यास हें भय थोडें. अनवाणी राबणाऱ्यास तें रोजचें आहे. म्हणून आज आम्ही या एकाच विषयावर बोलणार आहों.

दंश झाला म्हणजे आपल्याकडे पहिली हांक कोणाला जाते? विंचू उतरविणाऱ्याला. तो अंगारा लावतो, मंत्र पुटपुटतो, मुळी फिरवितो. तासाभरानें कळ कमी झाली कीं आपण म्हणतों, "गुण आला!" आम्ही विचारतों, गुण कशाचा आला? मोठी काळी इंगळी डसली तर आग फार होते, पण तिच्या विषानें माणूस सहसा मरत नाहीं. लाल विंचूही दर वेळीं पुरतें विष सोडतोच असें नाहीं. सापांपैकीं बहुतेक बिनविषारी, आणि विषारी सापही कधीं कधीं विष न सोडतां चावतो. असा माणूस मंत्र घातला तरी बरा होणार आणि न घातला तरी बरा होणार. हे बरे झालेले सगळे मांत्रिकाच्या खात्यावर जमा होतात, आणि जे मरतात ते नशिबाच्या नांवें खर्ची पडतात. असा हिशेब वाण्यानें दाखविला तर आपण मानूं काय? ज्याच्या अंगांत खरें विष भिनलें आहे, त्याचे दोन-चार तास या खटाटोपांत जातात, आणि तेवढ्या तासांतच त्याचा जीव वांचायचा असतो.

आतां खरें ज्ञान कसें मिळालें तें ऐका. देहेड या मराठवाड्यांतील खेड्यांत गरीब शेतकऱ्याच्या घरीं जन्मलेले डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ सालीं महाड तालुक्यांत बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यांत आले. लाल विंचू डसलेले लोक तेथें त्यांच्या डोळ्यांपुढें धाप लागून, तोंडास फेंस येऊन मरत. त्यांनीं रुग्णांच्या उशाशीं रात्री काढल्या, नाडी, रक्तदाब, श्वास टिपून ठेवले. १९८२ सालीं हीं लक्षणें विलायतेच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रांत छापून आलीं. या विषानें रक्तवाहिन्या आंवळल्या जातात, हृदयावर ताण येऊन तें थकतें आणि फुप्फुसांत पाणी भरतें. तेव्हां आंवळलेल्या वाहिन्या सैल करणारी प्राझोसिन ही रक्तदाबावरची गोळी त्यांनीं १९८३ च्या सुमारास वापरण्यास आरंभ केला. पूर्वीं अशा गंभीर रुग्णांपैकीं शंभरांत पंचवीस-तीस दगावत. गोळी वेळेवर मिळूं लागल्यावर तें प्रमाण एक-दोनांवर आलें. मुंबईस हाफकिनमध्यें विंचवाचें प्रतिविषही तयार होऊं लागलें. गोळीबरोबर तें दिल्यास रोगी अधिक लवकर सावरतो, हें बावस्कर पतिपत्नींनीं २०११ सालीं दाखवून दिलें. २०२२ सालीं डॉक्टरांस पद्मश्री मिळाली. शेतकऱ्याच्या मुलानें शेतकऱ्यांचीं मुलें वांचविलीं, ती कोणत्याही मंत्रानें नव्हे, तर डोळे उघडे ठेवून केलेल्या पाहणीनें!

आतां लक्षणें नीट ध्यानांत धरा. विंचू डसल्याजागीं कळ फार, पण अंग कोरडें आणि हातपाय ऊन, तर धोका बहुधा कमी. उलट कळ थोडी, पण दरदरून घाम, वांती, तोंडास लाळ, हातपाय गार, छातींत धडधड, पुरुषांत व मुलग्यांत इंद्रिय ताठणें, हीं विष भिनल्याचीं चिन्हें आहेत. शेवटचें चिन्ह सांगण्यास लाजूं नका. डॉक्टरास तें कळलेंच पाहिजे. डसलेलें जर लहान मूल असेल, तर चिन्हांची वाट न पाहतां त्याला उचला आणि निघा. मात्र प्राझोसिनची गोळी घरांत ठेवून आपल्या मनानें देऊं नका. ती घेतलेला रोगी उठून बसला तर रक्तदाब उतरून भोंवळ येते. ती डॉक्टराच्या नजरेखालींच द्यावयाची.

फुरसें बहुधा हातभराच्या आंतलें, अंगावर नागमोडी पांढरट रेघा, डोक्यावर बाणासारखी खूण; डिवचलें कीं अंगावर अंग घासून करवतीसारखा आवाज करतें. तें चावल्यावर माणूस कांहीं तास धडधाकट दिसतो, आणि येथेंच घरचे फसतात. त्याच्या विषानें रक्ताची गोठण्याची शक्ति जाते. मग हिरड्यांतून, लघवींतून, जखमेंतून रक्त येऊं लागतें. डॉक्टर थोडें रक्त कांचेच्या कोरड्या नळींत वीस मिनिटें ठेवतात. गोठलें नाहीं तर प्रतिविष सुरू करतात. ही तपासणी पुन्हां पुन्हां करावी लागते, म्हणून एक दिवस तरी दवाखान्यांतून रोग्यास घरीं नेण्याची घाई करूं नका. मण्यारीची तऱ्हा निराळी. ती रात्रीं भुईवर निजलेल्यास चावते, खूण दिसेलच असें नाहीं. पहांटे पोटांत कळ आली, पापण्या मिटूं लागल्या, तर समजा. नाग, मण्यार, घोणस, फुरसें या चौघांवर मिळून एकच प्रतिविष चालतें. साप ओळखण्यासाठीं त्याच्या मागें धांवूं नका.

साप चावल्यावर काय करावें? रोग्यास धीर द्या, चालवूं नका. चावलेल्या अवयवास फळी लावून तो हालूं देऊं नका. अंगठी, बांगड्या, जोडवीं, पायांतला दोरा काढून टाका. सूज चढल्यावर तीं रुततात. दोरी आंवळूं नका, तिनें हातपाय सडतो. चिरूं नका, चोखूं नका, मिरची-कडुनिंब चारून वेळ दवडूं नका. १०८ ला फोन करा. गाडीस उशीर असेल तर मोटारसायकलवर दोघांच्या मध्यें बसवून जवळचें आरोग्य केंद्र गांठा.

दंश टाळणें तर आपल्याच हातीं आहे. इंग्रजी अमदानींत फुरसें मारण्यास या जिल्ह्यांत बक्षीस होतें. फुरशीं ढिगांनीं मारलीं गेलीं, पण संपलीं नाहींत. म्हणून पाय जपा. गवत कापतांना व रात्रीं बाहेर जातांना पायांत बूट, हातांत काठी व विजेरी असूं द्या. चिरा, शेणी, लांकूड उचलण्याआधीं काठीनें हलवा. चपला, कपडे, अंथरूण झाडून घ्या. बाजल्यावर निजा; भुईवर निजणें भाग असेल तर मच्छरदाणी अंथरुणाखालीं खोंचा.

शेवटीं दोन गोष्टी. २०१३ च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्याप्रमाणें कुत्रा, साप वा विंचू चावलेल्यास वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणें हा गुन्हा आहे. पण मांत्रिकाचें दार बंद करावयाचें तर दवाखान्याचें दार उघडें आणि कपाट भरलेलें पाहिजे. रत्नागिरीचें मोठें रुग्णालय येथून तासाभराहून अधिक वाटेवर. तेव्हां दर वर्षीं मृगापूर्वीं ग्रामसभेंत उभे राहून विचारा : आपल्या आरोग्य केंद्रांत सापाचें प्रतिविष किती कुप्या आहे? विंचवावरची गोळी आहे काय? रात्रीं डॉक्टर असतो काय? उत्तर लेखी घ्या. आणि प्रत्येक वाडीनें रात्रीं-अपरात्रीं गाडी काढणाऱ्या दोन माणसांचीं नांवें आजच ठरवून भिंतीवर लिहून ठेवावीं, एवढें मागून आम्ही आपली रजा घेतों.