सावली, दिशा आणि वास्तू



घराचे दार कोणत्या दिशेस असावे, हा प्रश्न घरोघरी विचारला जातो. ती दिशा पूर्वजांनी ठरविली कशी, हे मात्र क्वचितच विचारले जाते.

याचे उत्तर ठक्कुर फेरू या जैन ग्रंथकाराने इ. स. 1315 मध्ये प्राकृतात रचलेल्या ‘वास्तुसार’ ग्रंथात दिले आहे. सपाट भूमीवर वर्तुळ काढून मध्यभागी 12 अंगुळांचा शंकू उभा करावा. सकाळी सावलीचे टोक वर्तुळात जिथे शिरते ती पश्चिम आणि दुपारनंतर जिथून बाहेर पडते ती पूर्व. सूर्य नेमका पूर्वेस वर्षातून दोनच दिवस उगवतो, म्हणून उगवतीकडे बोट दाखवून दिशा ठरत नाही. शंकूने ती जवळजवळ अचूक मिळते. होकायंत्राची सुई तर इमारतीतील लोखंडानेही ढळते.

हीच सावली मुनींचे घड्याळही होती. उत्तराध्ययन सूत्राच्या 26 व्या अध्ययनात पौरुषीची, म्हणजे दिवसाच्या पहिल्या प्रहराची, सावली आषाढात 2 पाद, आश्विन व चैत्रात 3 पाद आणि पौषात 4 पाद सांगितली आहे. महिन्यास 4 अंगुळे याप्रमाणे सहा महिन्यांत 24 अंगुळे, म्हणजेच 2 पाद. हिशेब चोख जुळतो.

येथे जिज्ञासूला शंका येते. सूर्यप्रज्ञप्तीनुसार सर्वांत मोठा दिवस 18 मुहूर्तांचा, म्हणजे 14 तास 24 मिनिटांचा. महाराष्ट्रात तो सुमारे सव्वातेरा तासांचाच असतो. 18 मुहूर्तांचा दिवस काश्मीरच्या अक्षांशाजवळ आढळतो. पाच वर्षांच्या युगाचे 1830 दिवस धरल्यास वर्ष 366 दिवसांचे होते. प्रत्यक्ष ऋतुचक्राशी पाच वर्षांत जवळजवळ चार दिवसांचे अंतर पडते. अशी शंका विचारण्याने श्रद्धा उणी होत नाही. ज्यांनी अंगुळ-अंगुळ सावली मोजली, त्यांचा वारसा मोजूनच पुढे जातो.

जुन्या चौसोपी वाड्यांची रचनाही सूर्याशी जुळलेली दिसते. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्याने चौकातून उत्तरेकडील सोप्यात ऊन पोहोचते. उन्हाळ्यात तो डोक्यावर येतो, तेव्हा उतरत्या छपराखाली सावली मिळते. मधला चौक आतल्या दालनांना उजेड आणि वारा पुरवितो.

आज मात्र दिशादोषाच्या भीतीने चांगल्या भिंती पाडल्या जातात, आयुष्याची बचत त्यात खर्ची पडते आणि घरातील वडीलधारी माणसे चिंतेने झुरतात. भिंत पाडण्यापूर्वी निदान एक काठी उभी करून सावली पाहावी. दिशा कळेल, उजेड-वाऱ्याचा विचार होईल, बऱ्याचदा भीतीही ओसरेल. सुखदुःखाचे मूळ स्वतःच्या कर्मांत पाहणाऱ्या धर्माच्या अनुयायाने दाराच्या दिशेस दोष देणे शोभत नाही.

सुवर्णमहोत्सवी वर्षात पाठशाळेच्या मुलांनी अंगणात शंकू रोवावा. 21 मार्च, 21 जून, 23 सप्टेंबर आणि 22 डिसेंबर या दिवसांच्या सावल्या वहीत नोंदवाव्यात आणि सूत्रातील आकड्यांशी ताडून पाहाव्यात. जेथे मेळ बसेल तेथे आनंद होईल. जेथे बसणार नाही तेथे नवा प्रश्न मिळेल. दोन्ही लाभच आहेत.

जय जिनेंद्र.