मोठ्या कोष्टकाचे चित्र व त्यावरील नावे



हजेरीपटात डावीकडे मुलांची नावे व वरच्या बाजूस तारखा असतात. नावांची यादी एक ओळ खाली सरकली, तर खुणा जशाच्या तशा राहूनही प्रत्येक मुलाची हजेरी दुसऱ्याच्या नावावर पडते. संगणकावर मोठ्या कोष्टकाचे चित्र काढताना हाच धोका संभवतो.

अंकांऐवजी गडद-फिक्या छटा भरलेले कोष्टक एका दृष्टिक्षेपात पुष्कळ सांगते. तुसाँ लुआ यांनी १८७३ साली पॅरिसच्या २० विभागांची माहिती याच रीतीने मांडली होती. आज ‘आर’ या संख्याशास्त्रीय प्रणालीत छटा क्षणात भरल्या जातात. नावे मात्र विचारपूर्वक द्यावी लागतात.

समजा, ३०० शाळा व ४० प्रश्न यांचे कोष्टक आहे. १५ सेंटिमीटर उंचीच्या चित्रात प्रत्येक शाळेच्या वाट्यास अर्धा मिलिमीटर येतो. तेवढ्यात वाचनीय अक्षर मावत नाही. नावे एकमेकांवर येऊ लागली, की अक्ष काढणारी आज्ञा त्यांतील काही मुकाट्याने गाळते. शिवाय ‘इमेज’ ही आज्ञा कोष्टक डावीकडे पाव वळण फिरवून काढते. पहिली ओळ डावीकडील उभा पट्टा होते आणि पहिला स्तंभ तळाशी जातो. छापील कोष्टक पाहून नावे लिहिणारा येथे फसतो.

यावर उपाय सोपे आहेत. प्रथम नावे मूळ कोष्टकालाच जोडावीत, म्हणजे ओळींचा क्रम बदलला तरी ती सोबत जातात. ओळींचा क्रम उलटा करून मग ओळी व स्तंभ यांची अदलाबदल केली, की चित्र छापील कोष्टकासारखे दिसते; ओळींच्या नावांचा क्रमही तेव्हाच उलटावा. स्तंभांची नावे उभी लिहावीत. शाळा फार असल्यास ५०-५० शाळांची सहा चित्रे करावीत, अथवा केवळ केंद्रांची नावे देऊन शाळांची यादी स्वतंत्र पानावर द्यावी. शेवटी परिचयाच्या एका शाळेची चौकट मूळ अंकाशी ताडून पाहावी.

ज्या शाळेस साहाय्य हवे, तिच्या पट्ट्यावर शेजारच्या शाळेचे नाव पडले, तर साहाय्य शेजारी जाईल आणि तिची मुले मागेच राहतील. नाव योग्य जागी लिहिणे हे त्या मुलांविषयीचे कर्तव्यच होय.